विश्लेषण : फाइलमध्ये एक, चालू दुसरेच... डेटाबेसची खरी सेटिंग्ज कशी तपासतात?

जगभरातील प्रोग्रामर आपला कोड ज्या मोजक्या संकेतस्थळांवर ठेवतात, त्यांपैकी ‘गिटलॅब’चा मुख्य डेटाबेस ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून पुसला गेला. भारतात तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट होत होती. ‘चुकीच्या सर्व्हरवर फाइली पुसण्याचा आदेश दिला गेला’, एवढीच या घटनेची ओळख उरली आहे. मात्र कंपनीने नंतर स्वतःच प्रसिद्ध केलेला सविस्तर अहवाल वाचला तर त्या आदेशाच्या आधीचा काळ अधिक बोलका आहे. आपला डेटाबेस नेमक्या कोणत्या सेटिंग्जवर चालतो आहे, हे अभियंत्यांना तेव्हा एकेका अडथळ्यातून कळत गेले. खरे तर हे डेटाबेसला कधीही, एका ओळीत विचारता येते.

त्या रात्री काय घडले?

गिटलॅबचा डेटाबेस ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या प्रणालीवर चालत होता. व्यवहारात तिला ‘पोस्टग्रेस’ म्हणतात. एक मुख्य सर्व्हर आणि त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर, अशी रचना होती. ही प्रत कशी राहते हे समजायला दुकानातील हिशेबाच्या वह्या आठवाव्यात. आधी रोजकीर्दीत नोंद होते, मग ती खतावणीत जाते. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ नावाच्या रोजकीर्दीत लिहितो. दुसरा सर्व्हर या रोजकीर्दीची पाने मागवून आपली खतावणी जुळवत राहतो.

त्या संध्याकाळी डेटाबेसवरचा ताण अचानक वाढला आणि दुसरा सर्व्हर मागे पडला. तो पाने मागेपर्यंत मुख्य सर्व्हरने जुनी पाने काढून टाकली होती. ही पाने अन्यत्र जपून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण तिचा वापर होत नव्हता. त्यामुळे दुसऱ्या सर्व्हरवरचे सारे काही पुसून नव्याने प्रत काढणे भाग होते.

प्रत काढणारा प्रोग्राम काहीच न सांगता थांबून राहिला. काही प्रयत्नांनंतर त्याने कारण सांगितले : मुख्य सर्व्हरकडे प्रत पाठवण्यासाठी जोडणी शिल्लक नाही. अशा जोडण्या किती असाव्यात हे ‘मॅक्स वॉल सेंडर्स’ ही सेटिंग ठरवते. ती होती ३. अभियंत्यांनी ती ३२ केली. हा बदल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही, म्हणून पोस्टग्रेस बंद करून पुन्हा सुरू करायला घेतला, तर तो सुरूच होईना. ऑपरेटिंग सिस्टीमकडे आपण प्रमाणाबाहेर सेमाफोर मागत आहोत, अशी त्याची तक्रार होती. सेमाफोर म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची वाहतूक सांभाळणारी साधने. जेवढ्या जोडण्यांना परवानगी, तेवढी त्यांची गरज जास्त. शोध घेतल्यावर कळले की एका वेळी किती जोडण्या स्वीकारायच्या, हे ठरवणारी ‘मॅक्स कनेक्शन्स’ ही सेटिंग ८००० वर होती. पोस्टग्रेसचे मूळ मूल्य १०० आहे! हा आकडा जवळपास वर्षभर तसाच होता आणि तोवर काही बिघडले नव्हते. तो २००० वर आणल्यावर डेटाबेस सुरू झाला.

तरीही प्रत निघेना. आधीच्या प्रयत्नांतील फाइली आड येत असाव्यात, असे एका अभियंत्याला वाटले आणि त्याने दुसऱ्या सर्व्हरवरचा फोल्डर पुसायला घेतला. आपण मुख्य सर्व्हरवर आहोत हे त्याच्या एकदोन सेकंदांत लक्षात आले. तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता.

बचाव झाला तो योगायोगाने. चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाताशी होती. तिच्यानंतरचे, म्हणजे भारतीय वेळेनुसार रात्री १०.५० ते पहाटे ५.३० या काळातील बदल कायमचे गेले. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५००० प्रकल्पांच्या नोंदी, ५००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती त्यात होती. लोकांचा कोड वेगळ्या ठिकाणी असल्याने वाचला.

सेटिंग म्हणजे नेमके काय?

तक्त्यांमध्ये माहिती ठेवणारा आणि त्या तक्त्यांचे एकमेकांशी नाते सांभाळणारा तो रिलेशनल डेटाबेस. बँकेचे खाते, आरक्षणाची नोंद, शाळेचा निकाल अशा असंख्य व्यवहारांमागे असे डेटाबेस असतात. तोच प्रोग्राम चार जीबी मेमरीच्या छोट्या सर्व्हरवर चालतो आणि अवाढव्य यंत्रावरही. कुठे किती मेमरी घ्यायची, किती जणांना एकाच वेळी आत घ्यायचे, नोंद डिस्कवर पक्की झाल्याखेरीज ‘झाले’ म्हणायचे की आधीच म्हणायचे, हे सारे सेटिंग्जवर ठरते. पोस्टग्रेसमध्ये अशा तीनशेहून अधिक सेटिंग्ज आहेत.

बहुतेकांना कधी हात लावावा लागत नाही, पण काहींच्या चुकीची किंमत मोठी असते. ‘एफसिंक’ ही त्यांपैकी एक. नोंद खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री तिच्यामुळे होते. वेग वाढतो म्हणून ती कुणी बंद करून ठेवली, तर रोजच्या वापरात काहीही जाणवत नाही. ज्या दिवशी अचानक वीज जाते, त्या दिवशी मात्र डेटाबेस दुरुस्तीपलीकडे बिघडू शकतो. चाचणीपुरती बंद केलेली आणि पुन्हा सुरू करायची राहून गेलेली सेटिंग अशीच गुपचूप पडून राहते.

फाइल उघडून पाहिली तर पुरेसे नाही का?

नाही, आणि नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. पोस्टग्रेसच्या सेटिंग्ज एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. ती उघडली, आकडा वाचला, काम झाले असे वाटते. पण ते सातबाऱ्यावरचे नाव वाचून जमीन कोण कसतो हे ठरवण्यासारखे आहे. उताऱ्यावर नाव एकाचे आणि बांधावर दुसराच, असे गावोगावी दिसते. फाइलचेही तसेच.

एक तर फाइल बदलली म्हणून डेटाबेस बदलत नाही. काही सेटिंग्ज फाइल पुन्हा वाचायला सांगितल्यावर लागू होतात, काही केवळ रीस्टार्टनंतर. कुणी सहा महिन्यांपूर्वी फाइलमध्ये आकडा बदलला आणि रीस्टार्ट झालाच नाही, तर फाइल सहा महिने चुकीचे सांगत राहते. मग एखाद्या देखभालीच्या रात्री सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि सगळे विसरलेला तो बदल एकाएकी जागा होतो.

दुसरे, फाइल एकच नसते. २०१४ मध्ये आलेल्या ९.४ या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये ‘आल्टर सिस्टीम’ हा आदेश आहे. तो वापरून केलेला बदल मुख्य फाइलमध्ये न जाता ‘ऑटो’ असे नाव असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये जातो आणि मुख्य फाइलवर मात करतो. सर्व्हर सुरू करताना आदेशासोबत दिलेली सेटिंग या दोन्हींवर मात करते. एकाच फाइलमध्ये एखादी सेटिंग दोनदा लिहिली असेल, तर शेवटची धरली जाते. फाइलच्या वरच्या भागात आकडा बघून समाधान मानणाऱ्याला, तळाशी कुणीतरी चिकटवलेली ओळ दिसतच नाही.

यावर आणखी थर आहेत. एखाद्या डेटाबेसपुरती, एखाद्या वापरकर्त्यापुरती किंवा केवळ चालू जोडणीपुरती सेटिंग बदलता येते. त्यामुळे व्यवस्थापकाने स्वतःच्या खात्यातून विचारले तर एक उत्तर मिळते आणि ज्या खात्यातून ॲप जोडले जाते त्याला दुसरे. ॲप संथ का, याचा शोध घेताना व्यवस्थापक आपल्याच खात्यातून सेटिंग पाहतो आणि ‘आमच्याकडे तर सर्व ठीक आहे’ असे सांगतो. तो खोटे बोलत नसतो, त्याने फक्त दुसऱ्याच खिडकीतून पाहिलेले असते.

मग डेटाबेसला विचारायचे कसे?

सर्वात साधा मार्ग म्हणजे ‘शो’ हा आदेश. ‘शो’ लिहून पुढे सेटिंगचे नाव दिले की चालू मूल्य समोर येते. नावातील शब्द अंडरस्कोअरने जोडायचे असतात. ‘शो ऑल’ म्हटले की सगळी यादी येते. एखादा आकडा पटकन पाहायला हे पुरते.

मात्र खरी माहिती ‘पीजी सेटिंग्ज’ या तक्त्यात मिळते. तो इतर तक्त्यांसारखाच ‘सिलेक्ट’ने वाचता येतो. प्रत्येक सेटिंगची त्यात एक ओळ असते आणि मूल्याखेरीजचे रकानेच अधिक कामाचे ठरतात. ‘सोर्स’ हा रकाना मूल्य कुठून आले ते सांगतो : मूळचे आहे, फाइलमधून आले, डेटाबेसपुरते ठरवलेले आहे, वापरकर्त्यापुरते की याच जोडणीत बदललेले. पुरेसे अधिकार असलेल्याला फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही दिसतो. ‘कॉन्टेक्स्ट’ हा रकाना बदल लागू होण्यासाठी काय करावे लागेल ते सांगतो. तिथे ‘पोस्टमास्टर’ लिहिलेले असेल तर रीस्टार्टशिवाय गत्यंतर नाही. ‘मॅक्स कनेक्शन्स’ आणि ‘मॅक्स वॉल सेंडर्स’ दोन्हींपुढे हाच शब्द असतो.

आणखी एक रकाना आहे ‘पेंडिंग रीस्टार्ट’. फाइलमध्ये मूल्य बदलले, डेटाबेसने ती फाइल पुन्हा वाचली, पण रीस्टार्टअभावी बदल लागू झालेला नाही, अशा सेटिंगपुढे तो ‘खरे’ दाखवतो. विसरलेले बदल शोधायचे असतील तर फक्त हा रकाना चाळावा.

इथे नवख्यांना एक गोष्ट हमखास चकवते. डेटाबेसने स्वतःसाठी राखलेली मेमरी ‘शेअर्ड बफर्स’ ही सेटिंग ठरवते. तक्त्यात तिच्यापुढे १६३८४ दिसते. १६ हजार काय? एमबी? केबी? शेजारच्या ‘युनिट’ रकान्यात उत्तर आहे : आठ केबीचे तुकडे. गुणाकार केला की १२८ एमबी होतात, जे पोस्टग्रेसचे मूळ मूल्य आहे. ‘शो’ने विचारले तर तो सरळ १२८ एमबी असेच सांगतो. युनिट न पाहता आकडा उचलून दुसऱ्या सर्व्हरच्या फाइलमध्ये टाकणे हा चुकांचा जुना प्रकार आहे.

फाइलमध्ये काय लिहिले आहे हेही डेटाबेसकडूनच वाचून घेता येते. ‘पीजी फाइल सेटिंग्ज’ हा तक्ता फाइलींमधील प्रत्येक ओळ दाखवतो आणि ती लागू होण्याजोगी आहे की नाही तेही सांगतो. याचे महत्त्व असे की, चालू डेटाबेसला फाइल पुन्हा वाचायला सांगितली आणि तिच्यात चुकीचे मूल्य असेल, तर तो ते बाजूला ठेवतो, लॉगमध्ये नोंद करतो आणि जुन्याच मूल्यावर चालत राहतो. फाइल वाचायला सांगणारा आदेश मात्र ‘यशस्वी’ म्हणून परततो, कारण निरोप पोहोचला एवढाच त्याचा अर्थ असतो. ती चुकीची ओळ पुढच्या रीस्टार्टपर्यंत दबा धरून बसते. आणि तेव्हा डेटाबेस सुरूच होत नाही.

तारीख ३ एप्रिल की ४ मार्च?

हा विषय केवळ मोठ्या सर्व्हरचा नाही. ‘०३/०४/२०२४’ ही तारीख आपल्याकडे कुणीही ३ एप्रिल अशी वाचेल. पोस्टग्रेसमध्ये ‘डेटस्टाइल’ नावाची सेटिंग आहे आणि तिचे मूळ मूल्य अमेरिकी पद्धतीचे, म्हणजे आधी महिना मग दिवस असे आहे. त्या सेटिंगवर हीच तारीख ४ मार्च म्हणून नोंदली जाते, तीही काही तक्रार न करता. तक्रार येते ती ‘१३/०४/२०२४’ टाकल्यावर, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी गुपचूप चुकतात आणि तेराव्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी शंका येते! ‘शो डेटस्टाइल’ हा दोन शब्दांचा प्रश्न आधीच विचारला असता तर ही वेळ येत नाही.

मराठी मजकुराचेही असेच. नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग अनेकांनी पाहिली असेल. ‘मायएसक्यूएल’ या लोकप्रिय डेटाबेसमध्ये ५.७ या आवृत्तीपर्यंत अक्षरसंचाचे मूळ मूल्य ‘लॅटिन १’ होते, ज्यात देवनागरीला जागाच नाही. तिथे ‘यूटीएफ ८’ या नावाने मिळणारा संचही प्रत्येक चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटमध्ये बसते, त्यामुळे मराठी नीट दिसते आणि सर्व आलबेल वाटते. पहिली इमोजी आली की गाडी अडते, कारण तिला चार बाइट लागतात. आवृत्ती ८ पासून चार बाइटांचा संच मूळ मूल्य झाला. तरीही तक्ता, डेटाबेस आणि जोडणी यांची सेटिंग वेगवेगळी असते. तक्ता उत्तम असूनही जोडणी जुन्या संचावर असेल तर प्रश्नचिन्हे उमटतातच.

इतर डेटाबेसमध्ये काय सोय आहे?

मायएसक्यूएलमध्ये ‘शो व्हेरिएबल्स’ हा आदेश आहे, पण तो चालू जोडणीची मूल्ये सांगतो. सर्व्हरची मूल्ये हवीत तर ‘ग्लोबल’ हा शब्द जोडावा लागतो. ‘सेट ग्लोबल’ने केलेला बदल आधीपासून जोडलेल्यांच्या स्वतःच्या मूल्यांना लागत नाही आणि रीस्टार्टनंतर टिकतही नाही. तो टिकावा म्हणून आवृत्ती ८ मध्ये ‘सेट पर्सिस्ट’ आला.

मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ने तर हा भेद थेट पडद्यावरच मांडला आहे. तिथे प्रत्येक सेटिंगपुढे दोन रकाने येतात : ठरवलेले मूल्य आणि चालू मूल्य. दोन्ही जुळत नसतील तर बदल अजून लागू व्हायचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. ओरॅकलमध्येही चालू मूल्ये आणि फाइलमधील मूल्ये दाखवणारे दोन स्वतंत्र तक्ते आहेत.

आणि एक रिलेशनल डेटाबेस ही बातमी वाचणाऱ्याच्या हातातच आहे. ‘एसक्यूलाइट’ हा छोटा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असतो. अनेक ॲप आपली माहिती त्यातच ठेवतात. त्यात तक्त्यांमधील नाते सांभाळणारी सेटिंग, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या ग्राहकाच्या नावे ऑर्डर नोंदवू न देणारा नियम, मुळात बंद असते. ॲपने प्रत्येक जोडणीत ती सुरू करावी लागते. सेटिंग विचारणाऱ्या किंवा बदलणाऱ्या आदेशाला तिथे ‘प्राग्मा’ म्हणतात. त्यात स्पेलिंग चुकले तर एसक्यूलाइट चूक दाखवत नाही, शांत राहतो. म्हणून नियम सुरू केल्यावर तो खरोखर सुरू झाला का, हे उलट विचारून पाहण्याची सवय जाणकार प्रोग्रामर ठेवतात. उत्तर १ आले तर सुरू, ० आले तर बंद. काहीच आले नाही तर आधी स्पेलिंग पाहावे.

तपासायचे कधी?

अडचण आल्यावर तपासणे सर्वांनाच सुचते. पण बिघाडाच्या वेळी समोर दिसणारे मूल्य कालही तेच होते का, हे सांगायला जुनी नोंद लागते. त्यासाठी अनेक संघ सेटिंग्जचा पूर्ण तक्ता ठरावीक काळाने आणि प्रत्येक रीस्टार्टच्या आधी व नंतर जतन करतात. मग दोन याद्यांतील फरक काढणे काही क्षणांचे काम असते. मुख्य आणि दुसऱ्या सर्व्हरच्या याद्याही अशाच ताडून पाहता येतात. प्रसंगी दुसऱ्याला मुख्याची जागा घ्यायची असते, आणि त्या घाईत ‘मॅक्स कनेक्शन्स’ किती आहे हे पाहायला कुणाला सवड नसते. ही पाहणी ॲपच्या खात्यातूनही करावी लागते, नाही तर वर सांगितलेली ‘दुसरी खिडकी’ आड येते.

गिटलॅबच्या अहवालातील बॅकअपचा भाग याच धाटणीचा आहे. डेटाबेसचा पूर्ण बॅकअप रोज घेतला जाण्याची व्यवस्था होती. त्या रात्री तो शोधायला गेल्यावर साठवणुकीची जागा रिकामी निघाली. डेटाबेस ९.६ या आवृत्तीवर चालत होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ या आवृत्तीचा होता. आवृत्ती जुळत नसल्याने तो दर वेळी चूक दाखवून थांबत होता. पोस्टग्रेसमध्ये ‘सर्व्हर व्हर्जन’ हीदेखील एक सेटिंग आहे आणि ‘शो’ने ती विचारता येते. बॅकअप फसल्याचे ई-मेलही पाठवले जात होते. मात्र ते पाठवणाऱ्या सर्व्हरच्या ई-मेल पडताळणीची सेटिंग अपुरी असल्याने समोरच्या यंत्रणेने ते नाकारले आणि एकही कुणापर्यंत पोहोचला नाही.